चढताना छातीत जड वाटतं, थांबलं की जातं, ईसीजी नॉर्मल आहे, मग व्यायाम चालू ठेवू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, पुण्यात आयटीत नोकरी, दिवसभर बैठं काम, डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आणि दर रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड. महिनाभर झाला, चढ सुरू झाला की छातीच्या मधोमध जड वाटतं, दोन-तीन मिनिटं थांबलात की जातं आणि मग वरपर्यंत काहीच होत नाही. ट्रेनर म्हणाला स्टॅमिना कमी पडतोय, मित्र म्हणाले गॅस असेल, तुम्ही लॅबमध्ये जाऊन ईसीजी काढलात तो नॉर्मल आला. वडिलांची ५४ व्या वर्षी बायपास झालेली आहे. आणि विचारताय की पेस कमी करून तयारी चालू ठेवू का, की एकदा टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत ईसीजी काढतात ती टेस्ट, करून टाकू.

सरळ उत्तर आधी देतो, कारणं नंतर. डॉक्टरांनी तपासेपर्यंत गड नाही, रनिंग नाही, जिम नाही. आणि ते तपासणं उद्याच्या उद्या व्हायला पाहिजे, पुढच्या शनिवारी सुट्टी बघून नाही. फिजिशियन चालेल, कार्डिऑलॉजिस्टची वेळ मिळाली तर उत्तम. टीएमटी करायची का ते त्यांना ठरवू द्या, स्वतःहून पॅकेज घेऊन ट्रेडमिलवर चढू नका.

एवढी घाई का म्हणतोय, तर तुम्ही सगळ्यात शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय तिच्यामुळे. परवा ऑफिसची लिफ्ट बंद होती आणि लॅपटॉपची बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातानाही तसंच वाटलं. महिन्यापूर्वी जे गडाच्या चढाला व्हायचं ते आता तीन मजल्यांना होतंय, म्हणजे आधीपेक्षा बऱ्याच कमी श्रमात येतंय. हृदयामुळे छातीत होणाऱ्या त्रासाला आम्ही अंजायना म्हणतो, आणि त्यात ओपीडीत आम्ही पहिला फरक हाच करतो की हा त्रास वर्षानुवर्षं साधारण तेवढ्याच श्रमाला येणारा आहे, की नव्याने सुरू झालेला आणि वाढत चाललेला आहे. पहिल्यात चार दिवस इकडे-तिकडे झाले तर चालतात. दुसऱ्यात आम्ही वाट बघत नाही, कारण रक्तवाहिनीच्या आतली चरबीची गाठ अस्थिर झालेली असू शकते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरली की त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

आता हे खरंच हृदयाचं आहे का, ते मी इथे बसून नक्की सांगू शकत नाही. तुम्हाला तपासलेलं नाही, बीपी माहीत नाही, शुगर बॉर्डरलाइन म्हणालात पण आकडा नाही, सिगरेटबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. या सगळ्यावर अंदाज वर-खाली होतो. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मला शांत बसवत नाही, आणि का ते सांगतो.

माझ्याकडे छातीची तक्रार घेऊन कोणी आलं की मी 'किती दुखतं' हे फार नंतर विचारतो. आधी विचारतो कशाने येतं, कशाने जातं, आणि नक्की कुठे, हाताने दाखवा. एका बोटाने एक जागा दाखवली, तिथे मी दाबलं आणि ते 'हां, तेच' म्हणाले, तर ते बहुतेक स्नायूचं किंवा बरगडीच्या सांध्याचं निघतं. पण बरेच जण न सांगता मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवतात किंवा पूर्ण तळवा आडवा फिरवतात, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो. आणि हे लोक 'दुखतं' म्हणतच नाहीत. 'छातीत दुखतं का' विचारलं तर चक्क नाही म्हणतात, आणि मग जड वाटतं, आवळल्यासारखं होतं, भरून येतं, कोंडल्यासारखं होतं असं सांगतात. तुम्हीही पूर्ण मेसेजमध्ये दुखणं हा शब्द वापरलेला नाहीये. छातीच्या मध्यभागी आवळणं किंवा जडपणा, श्रमाने येणं, आणि विश्रांतीने साधारण पाच मिनिटांत जाणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला टिपिकल अंजायना म्हणतात. तुमच्यात तिन्ही आहेत. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने १७६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याच्या हातात ईसीजी नव्हता की स्टेथोस्कोपही नव्हता, पण चढ चढताना येतं, जेवणानंतर जास्त येतं आणि उभं राहिलं की जातं, हे त्याने नेमकं टिपलं होतं. आजही निदानाचा सगळ्यात मोठा भाग पेशंटच्या बोलण्यातूनच मिळतो.

होतं काय, तर हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या वाहिन्या असतात, त्यातली एखादी बरीच अरुंद झालेली असते, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. बसलेलं असताना तेवढ्या वाटेतून जाणारं रक्त पुरतं. सोसायटीत रात्री एकच नळ चालू असतो तेव्हा वरच्या मजल्यालाही पाणी येतं, सकाळी सगळ्यांनी नळ सोडले की येत नाही, तसंच. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात मिळतं, आणि धावताना ठोके वाढले की नेमका तोच वेळ कमी होतो. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठ्याची वेळ घटते. थांबलात, ठोके कमी झाले की परत हिशोब जुळतो आणि त्रास जातो.

यावरूनच ईसीजीचं कळेल. तुम्ही तो काढलात तेव्हा टेबलावर शांत पडलेले होतात, त्रास नव्हता, स्नायूला रक्त पुरत होतं, मग त्यात दिसणार काय? अंजायना असलेल्या साधारण निम्म्या लोकांचा विश्रांतीतला ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिचंही तेच, तिच्यात हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात, रक्तवाहिनीतला अडथळा थेट दिसत नाही. आणि हातातलं घड्याळ जो ईसीजी दाखवतं तो ठोक्यांची लय बघण्यासाठी असतो, घड्याळाने सगळं ठीक दाखवलं म्हणून कोणी छातीतला जडपणा अंगावर काढू नये. नॉर्मल ईसीजीचा अर्थ एवढाच की त्या दहा सेकंदांत काही सापडलं नाही.

तुम्हाला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त धीर दिलाय ती म्हणजे 'एकदा थांबून परत चढायला लागलो की वरपर्यंत काही होत नाही, मग हार्टचं कसं असेल.' हे मी खूप ऐकतो, मॉर्निंग वॉकवाल्यांकडून तर फारच. पहिल्या चढाला धरतं, मग सुटतं, आणि नंतर पर्वती दोनदा चढले तरी काही नाही. पण हा अंजायनाचाच एक ओळखीचा प्रकार आहे, वॉर्म-अप अंजायना म्हणतात. पहिल्या ताणानंतर स्नायू थोडा वेळ तसलाच ताण जास्त सहन करतो. अडथळा तिथेच असतो. त्यामुळे त्रास सुटला म्हणून आतलं काही सुधारलं असं अजिबात धरू नका.

आता गॅस. यावर जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे यात माणसं जातात. एक शिक्षक माझ्याकडे यायचे, म्हणजे आधी त्यांची बायको यायची बीपीसाठी, ते नुसते सोबत. बोलता बोलता म्हणाले, रात्री जेवून शतपावलीला निघालो की कोपऱ्यावरच्या चढाला छातीच्या खाली जळजळतं, घरी येऊन इनो घेतला की एक ढेकर येतो आणि पाच मिनिटांत साफ. कित्येक महिने हेच चालू होतं. मी विचारलं, इनो घेता तेव्हा बसून घेता की उभ्याने? म्हणाले बसून, पंखा लावून. मग म्हटलं उद्या त्रास झाला तर फक्त बसा, इनो घेऊ नका, आणि किती वेळात जातं बघा, पण परवा सकाळी माझ्याकडे या. आले. म्हणाले, तेवढ्याच वेळात गेलं. इनोचं नाव होत होतं, काम विश्रांती करत होती. अँजिओग्राफीत डावीकडच्या मुख्य फांदीत मोठा अडथळा निघाला. तेव्हा ॲसिडिटी ओळखायची एक साधी गोष्ट लक्षात ठेवा, पित्ताचा त्रास खाण्याशी, वाकण्याशी, आडवं पडण्याशी बांधलेला असतो. तो बरोब्बर चढाला येऊन थांबल्यावर जात नाही. जेवणानंतर चालताना येणारा त्रास मात्र दोन्हीचा असू शकतो, आणि असा गोंधळ असेल तेव्हा आधी हृदय तपासायचं, पोट नंतर बघता येतं.

बायकांच्या बाबतीत आणि डायबिटीसवाल्यांत हे अजून फसवं असतं. छातीत काहीच नाही, फक्त बाजारातून पिशव्या घेऊन येताना जबडा ठणकतो, किंवा डावा खांदा भरून येतो, किंवा आधी सहज व्हायचं त्या कामाला धाप लागते आणि घाम फुटतो. घरात आई, सासूबाई, मावशी कोणी असं सांगत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. श्रमाने येतं आणि बसल्यावर जातं का, एवढं विचारा.

वयाबद्दल पण. ४६ म्हणजे तरुण असं तुम्हाला वाटतं, पण ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं वय ५३ च्या आसपास निघालं, बाकीच्या जगात जवळपास ५९. आणि वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो आनुवंशिक धोका म्हणून मोजतात. तुमच्या वडिलांचं ५४ त्यात बसतं.

प्रत्येक वेळी छातीत काही झालं की हृदयच असतं असंही नाही, उगाच घाबरवायचं नाहीये मला. बेंच प्रेस सुरू केल्यावर हात वर करताना, कूस बदलताना दुखलं तर स्नायूच. विशीतल्या मुलांना बसल्या बसल्या सुईसारखी कळ येते, श्वास घेतला की वाढते, काही सेकंदांत जाते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती घट्ट होऊन खोकला आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर व्यायामाने येणारा दमा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर अडथळा किरकोळ असूनही अंजायना येतो, म्हणून ते तपासायचंच. पण तरुण मुलगा किंवा मुलगी धावता धावता चक्कर येऊन पडली, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलेलं असेल, तर तिथे स्टॅमिना वगैरे बोलत बसायचं नाही, हृदयाच्या स्नायूचा जन्मजात आजार, झडप आणि लय हे सगळं बघितल्याशिवाय परत मैदानात सोडायचं नाही. व्हायरल तापानंतर छातीत दुखत असताना व्यायाम तर अजिबात नको.

उद्या तुमच्याबाबतीत काय होईल साधारण सांगतो. परत ईसीजी, बीपी, छाती तपासून झडपेचा आवाज आहे का ते, आणि शक्यतो ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, गरज वाटली तर काही तासांनी परत. त्यात काही सापडलं किंवा त्रास वाढतोय हे डॉक्टरांनाही पटलं तर ते ॲडमिट व्हायला सांगतील, तेव्हा वाद घालू नका. ट्रोपोनिन नॉर्मल, ईसीजी नॉर्मल आणि तुम्ही स्थिर असाल तर पुढची तपासणी, म्हणजे टीएमटी, स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेला इको) किंवा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन). यातली कुठली ते खरंच परिस्थितीवर आहे. टीएमटी स्वस्त आणि सगळीकडे होते पण ती चुकते, अडथळा असून नॉर्मल येते आणि बायकांमध्ये तर नसलेला आजार दाखवते. आणि ती पुरेशी झाली का तेही बघायचं असतं. तुमच्या वयाला २२० वजा ४६ म्हणजे १७४, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४८ च्या आसपास ठोके जायला हवेत, १२० वर दमून थांबलात आणि रिपोर्टवर 'निगेटिव्ह' छापून आलं तर त्याला फार अर्थ नाही. सीटीत वाहिन्या थेट दिसतात, पण शिरेतून डाय (रंगद्रव्य) द्यावा लागतो म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्त तपासणी, बघतात आणि ठोके कमी करायला गोळी देतात. चालू त्रास असताना टीएमटी करायची नसते, म्हणूनच वर म्हटलं की स्वतःहून जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण माझ्या अनुभवात निम्मी दिरंगाई तिच्यामुळे होते. 'डॉक्टरकडे गेलं की सरळ अँजिओप्लास्टीच करतात.' ही भीती कुठून येते मला समजतं आणि प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण माहिती पण असू दे. इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात, २०२० मध्ये छापलेल्या, पाच हजारांवर स्थिर पेशंट होते, आणि आधी औषधं देणं विरुद्ध आधीच स्टेंट किंवा बायपास करणं यात मृत्यू किंवा हार्ट अटॅकच्या प्रमाणात एकूण ठळक फरक दिसला नाही. अंजायना मात्र स्टेंट-बायपासने जास्त सुटला. म्हणजे स्थिर आजारात औषधांवर राहणं हा खरा आणि सन्मानाचा पर्याय आहे, तुमचा कार्डिऑलॉजिस्टही तो बोलेल. हे डाव्या मुख्य वाहिनीच्या मोठ्या अडथळ्याला लागू नाही, आणि अस्थिर अंजायना किंवा चालू हार्ट अटॅकला तर नाहीच, तिथे वाहिनी उघडणं जीव वाचवतं. तुम्ही कुठल्या गटात आहात हे कळायलाच तर जायचंय. खर्चाची अडचण असेल त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये विचारावं, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच कधी निघायचं. बसलेलं असताना किंवा झोपेत तसाच जडपणा आला. किंवा थांबून बसलात आणि पाच मिनिटांत कमी व्हायला लागलं नाही. किंवा सोबत दरदरून घाम, उलटी, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, आणि जिथे चोवीस तास ईसीजी आणि हृदयाची सोय आहे अशा ठिकाणी, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या रांगेत नाही. पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे, तोंडाने सांगा की छातीत दुखतंय. पहाटे तीन वाजता असेल तरी सकाळ होऊ द्यायची नाही, आपल्याकडे 'उगाच कशाला सगळ्यांना उठवायचं' म्हणून फार वेळ जातो आणि तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो.

ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायची, अख्खी गिळायची नाही. सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी मात्र व्हॉट्सॲपवर फिरतं म्हणून कोणीही जिभेखाली ठेवू नये. त्याने बीपी एकदम पडतं, आणि सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी लैंगिक ताठरतेची गोळी आदल्या दिवशी-दोन दिवसांत घेतली असेल तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसून. ते जोरजोरात खोकत राहा म्हणजे अटॅक थांबतो असा मेसेज येतो, त्यात वेळ घालवू नका.

उद्या जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: पहिल्यांदा कधी झालं, किती चढाला, किती मिनिटांत गेलं, लिफ्टवाला प्रसंग तारखेसकट, वडिलांचं वय, चालू गोळ्या, जिममधल्या पावडरी आणि प्री-वर्कआउट पण, त्यात कॅफिन भरपूर असतं. जुना ईसीजी सोबत ठेवा, नवीन त्याच्या शेजारी धरून बघितला तर बारीक फरक कळतो. लिफ्टवाली गोष्ट सगळ्यात आधी सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आणि 'खरंच होतंय का' हे बघायला आज संध्याकाळी परत जिने चढून बघू नका, लोक हे करतात. रक्त तपासायचं म्हणून उपाशी बसायचीही गरज नाही, हलकं खाऊन जा, बायकोला किंवा कोणाला तरी सोबत घ्या, बाईक घरीच ठेवा. मॅरेथॉनचं तपासण्या झाल्यावर बघू, उपचारानंतर परत धावणारे पेशंट माझ्याकडे आहेत. काय निघालं ते नक्की कळवा.